पडद्यावरचा रफार

पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही म्हणून त्याच्या हाती पहिलीचे पुस्तक दिले, तर ते लाजते. आणि लाजलेले मूल शिकत नाही. अशा मुलाला प्रोजेक्टरचा उपयोग होतो. २०१५ साली राज्याने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू केला. त्या सुमारास अनेक गावांनी वर्गणी काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत हे यंत्र बसवले. पण त्यावर नुसती गाणी दाखवली, तर वर्गणी वाया गेली असे समजावे.

मोठी मुले अडतात ती जोडाक्षरांशी. ‘कर्ज’ हा शब्द घ्या. यात ‘र’चा उच्चार ‘ज’च्या आधी, पण त्याची जागा ‘ज’च्या डोक्यावर. पडद्यावर तिन्ही अक्षरे सुटी दाखवावीत, मग ‘र्’ उचलून ‘ज’वर बसवावा. ‘क्रम’मध्ये तोच ‘र’ ‘क’च्या पायाशी तिरपा येतो, ‘ट्रक’मध्ये ‘ट’खाली दोन पायांवर उभा राहतो. हा फेरफार डोळ्यांदेखत घडतो आणि शेवटच्या रांगेलाही दिसतो.

नंतर मात्र यंत्र बंद करावे. प्रत्येकाने तेच शब्द वहीत लिहावेत व एकट्याने वाचावेत. सामुदायिक सुरात न वाचणारा खपून जातो. सभेत घोषणा सगळे मिळून देतात; हजेरीपटावरचे खाडे आणि उचल ज्याची त्यालाच वाचावी लागते. न वाचता अंगठा उठवणारे कामगार आम्ही पुष्कळ पाहिले. ‘अर्ज’, ‘खर्च’, ‘कर्ज’ या तिन्ही शब्दांवर रफार आहे. तो शाळेतच वाचता आला पाहिजे.