हेराल्डची कंबर आणि क्रोमचा नखरा

ओपन कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? २००१ च्या 'दिल चाहता है'मधली गोव्याकडे सुसाट निघालेली मर्सिडीज, उडणारे केस, डोळ्यांवर गॉगल आणि गाणं फुल व्हॉल्यूम! सही ना? पण बॉस, छपराशिवाय ही गाडी सरळ उभी कशी राहते, हा प्रश्न किती जणांना पडतो?

मला हा प्रश्न पडला तो एका मित्रामुळे. पुण्यात आयटीत आहे तो. मामांची ओपन-टॉप हेराल्ड त्याच्याकडे आली, तीही लग्नाच्या बरोबर चार महिने आधी. प्लॅन एकदम फिल्मी. क्रोम चकाचक करायचं, जुनी बीडिंग बदलायची, चेरी रेड रंग मारायचा आणि रिसेप्शनला बायकोला शेजारी बसवून थेट हॉलच्या दारात एन्ट्री! मामांची अट एकच होती. 'गाडी आधी माझ्या ओळखीच्या मेस्त्रींना दाखव.'

मेस्त्रीकाकांनी क्रोमकडे बघितलंसुद्धा नाही. एक जॅक घेतला, मागच्या चाकापुढे चासीखाली लावला आणि गाडी थोडी उचलली. मग म्हणाले, "आता दार उघडून लावून दाखवा." दार उघडलं, पण लागेना. खालची कड बॉडीला घासत होती आणि वरची फट बोटभर रुंद झाली होती. "गाडीची कंबर गेलीय," काका शांतपणे म्हणाले.

मिठाईच्या खोक्याचा फंडा

मिठाईचा रिकामा खोका झाकणासकट पिरगळून बघा. सहज पिरगळत नाही. आता झाकण काढून पिरगळा. लगेच वाकडा होतो! गाडीचंही तसंच. छप्पर म्हणजे नुसतं ऊन-पाऊस अडवणारा पत्रा नाही, ते खोक्याचं झाकण आहे. ते नसलं की सगळा ताण खाली जातो.

म्हणूनच पद्मिनीसारख्या गाडीचं छप्पर कापून 'कन्व्हर्टिबल' करणं डेंजर. तिला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. वरात आणि फोटोशूटसाठी असल्या कापलेल्या गाड्या सर्रास भाड्याने मिळतात. दिसतात झकास. पण खड्ड्यातून जाताना दार आपोआप उघडलं तर? शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करण्याच्या विरोधात आहेत.

हेराल्डची गोष्ट वेगळी. १९५९ मध्ये इंग्लंडच्या ट्रायम्फने ती आणली, डिझाइन इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्तीचं. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने ती आपल्याकडे बनवली. तिला स्वतंत्र चासी आहे आणि सलूनचं छप्परसुद्धा बोल्टांनी बसवलेलं असतं. म्हणजे ओपन मॉडेल ही जुगाडाची गाडी नव्हे, कंपनीचीच. पण तिचा सगळा जोर त्या चासीवर आणि चासीतून दोन्ही बाजूंना निघालेल्या हातांवर. तिथे चिखल साचतो, ओल राहते आणि पत्रा आतून सडत जातो.

मित्राच्या गाडीत ते हात कुणीतरी पूर्वी 'रिपेअर' केले होते. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि पुट्टीचा पापुद्रा खाली पडला. वर काळा रंग, आत हवा!

आधी आधार, मग कटर

आता टेन्शन सुरू झालं. चार महिन्यांत क्रोम आणि रंग होऊ शकत होता, किंवा चासी. दोन्ही नाही. घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी होणारी बायकोच म्हणाली, "मला त्या गाडीत एक दिवस नाही बसायचंय, पुढची वीस वर्षं बसायचंय." विषय संपला.

पुढचे काही शनिवार मीही गॅरेजवर पडीक होते. काम कसं होतं, ते बघण्यासारखं आहे. गाडी आधी लेव्हलमध्ये घेऊन अनेक ठिकाणी टेकू देतात. दाराच्या मोकळ्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत, लोखंडी अँगल तात्पुरता वेल्ड करतात. का? सडलेला भाग कापताच बॉडी दुमडू शकते. मग तुम्ही वाकडी गाडी कायमची वाकडीच वेल्ड कराल! काम एका वेळी एकाच बाजूचं. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, मूळ जाडीचाच नवा बसवायचा, वेल्डिंग इथे थोडं, तिथे थोडं. सलग मारलं तर उष्णतेने पत्रा ओढला जातो. नंतर झिंक प्रायमर, पोकळ भागांत मेणासारखं गंजरोधक, आणि पाणी जायची भोकं उघडीच.

रंगाआधी दारं लावून चारी बाजूंच्या फटी मोजल्या. पुन्हा जॅक, पुन्हा दार. या वेळी लागलं!

आणखी दणकट करायला दोन-चार जादा पाइप का नाही टाकायचे? मी विचारलं. कारण नियम. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल नको. म्हणून जोर वाढवायचा तो मूळ रचनेतच. आणि हो, व्हिंटेज नंबर घेतला की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, मेंटेनन्स अशाच कारणांसाठी रस्त्यावर. रोज ऑफिसला नाही!

आता नखरा

क्रोमचा खरा फंडा असा, की चमक बरीचशी खालच्या निकलची असते. क्रोमचा थर अगदी पातळ. म्हणून जुना थर काढणं, घासणं, तांबं, निकल आणि मग क्रोम, यातली एकही पायरी गाळली की दोन पावसाळ्यांत फोड येणार. स्टेनलेसच्या पट्ट्यांना मात्र प्लेटिंग लागतच नाही. पोचे आतून हलके ठोकायचे आणि बफ करायचं. पट्टीच्या क्लिपांची भोकं आतून रंगवायची, सीलंट लावायचा, नाहीतर गंज तिथूनच सुरू. हेराल्ड १२०० च्या बंपरवर पांढरं रबर असतं. तेही इतर रबरांसारखं रंगकाम झाल्यावरच.

रिसेप्शनला नवरा-नवरी आले ते साध्या हॅचबॅकमधून. हेराल्ड तेव्हा गॅरेजमध्ये प्रायमर लावून उभी होती. ती रस्त्यावर आली पाच महिन्यांनी. पहिल्या फेरीला मामा पुढे बसले, दार ओढलं, 'खट्' आवाज झाला. मामांनी दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा लावलं. नुसता तो आवाज ऐकायला!

जुनी ओपन गाडी घेताय? हे करा

- क्रोम नंतर बघा, आधी दाराच्या वरच्या-खालच्या फटी बघा.
- गाडी जॅकवर घेऊन दार उघडून लावा.
- चासी आणि फुटबोर्डला चुंबक लावून बघा. पुट्टीवर तो चिकटत नाही.
- बजेटमधला पहिला खर्च पत्र्यावर आणि वेल्डिंगवर.
- काढलेला प्रत्येक क्लिप आणि पट्टी लेबल लावलेल्या पिशवीत ठेवा, फोटो काढा.
- काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा.