हरलेला डाव वाचवणारा ‘सततचा शह’

हुबळीत उन्हाळ्याच्या सुटीत झालेल्या एका शालेय बुद्धिबळ स्पर्धेतील हा प्रसंग. धारवाडला राहणारा माझा भाचा पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता. प्रतिस्पर्ध्याकडे एक अख्खा हत्ती जास्त होता आणि पुढच्याच खेळीत मात होणार हे स्पष्ट दिसत होते. मुलाने थोडा विचार केला, एक शह डोळ्यांनी तपासून पाहिला, तो चालत नाही असे दिसताच प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवला आणि डाव सोडला. शेजारी बसलेले एक निवृत्त शिक्षक तेवढेच म्हणाले, “बाळ, शह संपले होते का रे?” मग त्यांनी मोहरी पुन्हा मांडली. डाव हरलेला नव्हता, तो बरोबरीचा होता.

ती स्थिती वाचकांनीही घरच्या पटावर मांडून पाहावी. पांढऱ्याचा राजा एच१ या घरात, प्यादी जी२ आणि एच२ वर, वजीर डी८ वर. काळ्याचा राजा जी७ वर, प्यादी एफ७ आणि एच७ वर, वजीर एफ२ वर आणि हत्ती ए२ वर. खेळी पांढऱ्याची आहे.

काळ्याच्या धमक्या दोन आहेत. वजीर एफ१ वर गेला की मात. हत्तीच्या जोरावर वजिराने जी२ वरचे प्यादे मारले तरीही मात. पांढऱ्याने वजीर डी१ वर आणून पहिली धमकी रोखली, तर दुसरी लागू पडते. डी५ वर आणून दुसरी रोखली, तर पहिली. म्हणजे बचावाने हा डाव वाचत नाही. उरतो तो केवळ शह. पण कोणता शह? डी४ वरून दिलेला शह सर्वांत आधी डोळ्यांत भरतो आणि नेमका तोच घातक आहे, कारण काळा वजीर एफ२ वरून तिरका येऊन पांढरा वजीर मारतो. मुलाने पाहिला होता तो हाच शह.

वाचवणारा शह जी५ वरून आहे. राजाला आता एफ८ आणि एच८ ही दोनच घरे उरतात. मध्ये जी६ वर आड घालायला काळ्याचे एकही मोहरे पोहोचत नाही. राजा एफ८ वर गेला, तर वजीर पुन्हा डी८ वर जाऊन शह देतो. राजा एच८ वर गेला, तरीही शह डी८ वरूनच. दोन्ही वेळा राजाला जी७ हे एकच घर मोकळे असते. तो तेथे परतला की पुन्हा जी५ वरून शह. वजीर दोनच घरांमध्ये येरझाऱ्या घालतो आणि एक हत्ती जास्त असलेल्या काळ्याला मातीची ती एक खेळी करण्याची उसंत कधीच मिळत नाही. यालाच सततचा शह म्हणतात.

यातली खरी मौज अशी की काळ्या राजाला कोंडणाऱ्या भिंती त्याच्या स्वतःच्याच आहेत. एफ७ वरचे प्यादे तेथे नसते, तर राजा त्या घरातून निसटला असता. राजाच्या रक्षणासाठी उभी असलेली प्यादीच त्याची वाट अडवतात. म्हणून सततच्या शहाची शक्यता तपासताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. राजाला शहांच्या कक्षेबाहेर जाता येईल का? शह देणारे मोहरे मारता येईल का? मध्ये आड घालता येईल का, आणि तसे करताना उलट शह तर बसणार नाही ना? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर अर्धा गुण आपला आहे.

हा अर्धा गुण नियमाने कसा मिळतो, हेही समजून घेतले पाहिजे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या, सध्याच्या नियमांत ‘सततचा शह’ असे वेगळे कलम नाही. बरोबरी होते ती तीच स्थिती तिसऱ्यांदा आल्यामुळे. खेळी त्याच खेळाडूची हवी आणि उपलब्ध चालीही त्याच हव्यात. मात्र ती स्थिती लागोपाठच यावी असे बंधन नाही. वरील उदाहरणात काळ्याने एकदा एफ८ आणि एकदा एच८ निवडले, तरी जी७ वर राजा आणि डी८ वर वजीर ही स्थिती परत येतेच. ती तिसऱ्यांदा आली की पांढऱ्याने पंचांकडे मागणी करायची. आपल्याच खेळीने तिसरी वेळ येणार असेल, तर ती खेळी पटावर न करता आधी कागदावर लिहून पंचांना सांगावी लागते. तीच स्थिती पाच वेळा आली, तर मागणीवाचूनही डाव बरोबरीत संपतो.

सर्वच देशांच्या पटांवर ही सवलत नाही. जपानच्या शोगीत असे सततचे शह देणाराच हरतो; चिनी बुद्धिबळातही त्याला मनाई आहे. आपण खेळतो त्या बुद्धिबळाने मात्र दुबळ्या बाजूला हा आधार ठेवला आहे. व्हिएन्नात १८७२ साली हाम्पे आणि माइटनर यांच्यात झालेला, मोहऱ्यांचे बळी देत सततच्या शहावर संपलेला डाव आजही ‘अमर बरोबरी’ म्हणून ओळखला जातो.

मुलाच्या चुकीने खंतावण्याचे कारण नाही, कारण ती जगज्जेत्याकडूनही झाली आहे. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या दुसऱ्या डावात गॅरी कास्पारोव्ह यांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या विश्लेषणात दाखवण्यात आले, की त्या स्थितीत सततच्या शहाने बरोबरीची वाट शोधता आली असती. कास्पारोव्ह यांनी सहा डावांची ती लढत अडीच विरुद्ध साडेतीन गुणांनी गमावली. अर्ध्या गुणाचे मोल याहून ठळकपणे कोठे दिसावे?

आपल्या गोव्यात २०२५ मध्ये झालेल्या विश्वचषकातही हेच गणित होते. बाद पद्धतीच्या त्या स्पर्धेत दोन डावांच्या छोट्या लढती होत्या. पहिला डाव जिंकलेल्याला दुसऱ्यात अर्धा गुण पुरतो; तेथे सततचा शह म्हणजे पुढच्या फेरीचे दारच.

हुबळीहून परतताना भाच्याने प्रवासभर तीच स्थिती चुंबकी पटावर मांडली आणि मोडली. आता तो डाव सोडण्यापूर्वी उपलब्ध असलेला प्रत्येक शह, वेडगळ वाटला तरी, एकेक करून तपासतो. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही. पण हात पुढे करण्याआधी तेवढा एक मिनिट तो पटाला देतो.