'फायनल_फायनल_२' कुणाकडे आहे?

लास्ट इयरच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये मेंबर चार आणि 'प्रोजेक्ट_फायनल' नावाची फोल्डर्स नऊ! त्यातलं खरंखुरं फायनल कोणतं हे ज्याला माहितीये, तो नेमका सबमिशनच्या आठवड्यात गावी गेलेला असतो. मग 'अरे, हे रन कसं करायचं?' असा मेसेज जातो आणि दोन ग्रे टिक्सकडे बघत रात्र सरते. कोड चांगला असतो हो, पण तो एकाच्याच लॅपटॉपवर चालतो.

मी मास कॉमची, तरी या विषयात नाक खुपसायला हक्काचं कारण आहे. पायथनवाल्यांचं लाडकं 'जँगो' हे फ्रेमवर्क चक्क एका पेपरच्या ऑफिसात जन्मलं! अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' हे ते स्थानिक दैनिक. २००५ मध्ये जँगो सगळ्यांसाठी खुलं झालं.

त्याची रेपॉझिटरी उघडून बघा. कोडचं फोल्डर, 'टेस्ट्स' आणि 'डॉक्स' एकाच घरात नांदतात. नवीन फीचर पाठवायचं तर कोडसोबत टेस्ट आणि डॉक्युमेंटेशनही द्यावं लागतं. 'नंतर लिहू' चालत नाही. 'डॉक्स'मध्येही सगळा मजकूर एकत्र कोंबलेला नाही. नवख्याला हात धरून शिकवणारं ट्युटोरियल वेगळं, एखादी संकल्पना समजावणारं लिखाण वेगळं, 'अमुक कसं करायचं' याच्या रेसिपीज वेगळ्या आणि डिक्शनरीसारखा चाळायचा रेफरन्स वेगळा. कारण वाचायला येणारा प्रत्येक जण वेगळ्या अडचणीत असतो.

आपण काय करतो? सगळं ब्लॅक बुकमध्ये ओततो. पण ब्लॅक बुक एक्स्टर्नलसाठी असतं, टीममेटसाठी नाही. (आणि एक्स्टर्नल तरी कुठे सगळं वाचतात!) टीमसाठी लागते ती 'रीडमी' फाइल: प्रोजेक्ट काय आहे, काय काय इन्स्टॉल करायचं, कोणत्या कमांडनं सुरू होतं. डेटाबेस मध्येच का बदलला, असली कारणं तारीख टाकून 'डॉक्स'मध्ये. पासवर्ड मात्र यात कुठेही नको. ते ज्या फाइलमध्ये असतील, तिचं नाव पहिल्याच दिवशी 'गिटइग्नोर'मध्ये टाका. एकदा कमिट झालेला पासवर्ड नंतर डिलीट केला, तरी गिटच्या हिस्टरीत सापडतो.

आणखी एक गंमत. गिट फक्त फाइल्सची नोंद ठेवतं, रिकाम्या फोल्डरची नाही. म्हणजे पुढे कधीतरी भरू म्हणून केलेलं रिकामं 'डॉक्स' फोल्डर पुश केलं, तरी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर पोहोचतच नाही!

व्हायवाच्या आधी एक करून बघा. दुसऱ्या ब्रँचच्या मित्राला प्रोजेक्ट क्लोन करायला सांगा. त्याच्या हातात फक्त रीडमी, तुमच्या तोंडावर बोट. तो जिथे अडकून तुमच्याकडे बघेल, तिथली ओळ लिहायची राहिलीये.