बसथांब्यापर्यंतची पावले

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्याला फार काळ लोटलेला नाही. भल्या सकाळी कारखान्याकडे निघालेले कामगार, कॉलेजच्या मुली, कॅरिअरला डबा अडकवलेले कारकून, सारे सायकलवर. आमच्या बँकेचे शिपाई आणि मॅनेजर एकाच स्टँडवर सायकली लावत. हे शहर स्कूटरवर कधी चढले, कळलेच नाही.

डिसेंबर २००६ मध्ये इथेच कात्रज ते स्वारगेट बीआरटी सुरू झाली. देशातल्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी ही एक. बसची लेन रस्त्याच्या मधोमध, थांबेही मध्येच. सायकली आणि पादचारी कडेने जातील, अशी कल्पना. बसला मोकळी वाट द्यावी हे रास्तच. पन्नास माणसांनी एका मोटारीमागे का ताटकळावे?

पण बसचा प्रत्येक प्रवासी आधी पादचारी असतो आणि उतरल्यावर पुन्हा पादचारीच होतो. थांबा मध्ये गेला, की दर खेपेला त्याला निम्मा रस्ता ओलांडणे आले. वयस्कर माणूस सेकंदाला जेमतेम मीटरभर चालतो. म्हणजे १२ मीटरला १२ सेकंद. तेवढ्यात ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी १३० मीटर अंतर तोडते. रिक्षा-स्कूटरींतून कसाबसा वाट काढत माणूस बसच्या लेनशी पोचतो. ती रिकामी दिसते, हायसे वाटते, पाऊल पडते. धोका नेमका तिथे! रिकाम्या लेनमध्येच बस वेगात असते. २०१९ पासून विजेवरच्या बस आल्या. त्यांचा तर आवाजही फारसा येत नाही.

सायकलवाल्याची तऱ्हा निराळी. कडेच्या ट्रॅकवर हातगाडी, विजेचा खांब, उभी केलेली मोटार. मग तोही बसच्या लेनमध्ये घुसतो. लंडनमध्ये बऱ्याच बस-लेनमध्ये सायकलला मुभा आहे, असा दाखला आपल्याकडे देतात. पण त्या बहुतेक लेन फुटपाथला लागून आहेत. मधल्या लेनमध्ये शिरायला आणि तिच्यातून बाहेर पडायला सायकलीला भरधाव वाहनांना आडवे जावे लागते. हे सांगायचे मात्र राहून जाते.

तेव्हा सायकलीचा ट्रॅक कडेलाच हवा. पण सलग हवा, फुटपाथपेक्षा थोडा खाली आणि मोटारींच्या रस्त्यापेक्षा थोडा वर. त्यावर लावलेली मोटार त्याच दिवशी उचलली जावी. थांब्यासमोर रस्ता उंच करून झेब्रा पट्टे आखावेत, म्हणजे गाड्यांचा वेग आपोआप कमी होईल. आणि पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा, हे गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना सोबत चालवून, घड्याळ लावून ठरवावे.