रेल्वे बदलली, आपले अंदाज जुनेच

बेळगावच्या खडेबाजारात लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या घरांत साड्या, शेरवानी आणि दागिन्यांबरोबर आता प्री-वेडिंग फोटोंचा दिवसही ठरवला जातो. बेळगावचा किल्ला, आंबोली, गोकाकचा धबधबा अशी ठिकाणं निघतात आणि त्यांच्यामागून हमखास येतात ते रेल्वेचे रूळ. दूरवर एकमेकांत मिसळल्यासारखे दिसणारे ते दोन पट्टे फोटोला खोली देतात, यात शंका नाही. छायाचित्रकाराला त्यांचा मोह पडला तर नवल नाही. पण या रुळांबद्दल आपल्याकडे जे समज घट्ट बसले आहेत, ते मीटरगेजच्या आणि एकेरी मार्गाच्या काळातले आहेत.

नव्वदच्या दशकात मिरज-लोंढा मार्ग ब्रॉडगेज झाला. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी बेळगाव स्थानकाच्या नव्या इमारतीबरोबरच लोंढा-बेळगाव-घटप्रभा दुहेरी मार्गाचंही लोकार्पण झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे-हुबळी आणि ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत सुरू झाली. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवरून आज जी रेल्वे जाते ती विजेवरची, वेगाची आणि दोन मार्गांवर दोन्ही दिशांनी येणारी आहे. आपले अंदाज मात्र बदलले नाहीत. रुळावर फोटो काढताना जीव गमावणारे सगळेच बेदरकार नसतात. बहुतेकांनी मनाशी काहीतरी हिशेब केलेला असतो, आणि तो चुकतो.

‘गाडी आली की आवाज येतोच’

हा सगळ्यांत पक्का आणि सगळ्यांत घातक समज. जुन्या रुळांना ठरावीक अंतरावर सांधे असत आणि त्यावरून चाक गेलं की खडखड होई. आता रूळ एकमेकांना वेल्डिंग करून लांबलचक, सलग टाकलेले असतात. विजेचं इंजिन डिझेलसारखं धडधडत नाही. गाडीचा बराचसा आवाज तिच्या बाजूला आणि मागे पसरतो, समोर उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो उशिरा पोचतो. त्यात वारा उलटा असेल, पाऊस असेल, मोबाईलवर गाणं लावून रील चाललं असेल किंवा शेजारच्या मार्गावरून मालगाडी जात असेल, तर उरलासुरला आवाजही दबतो. दुहेरी मार्गावर माणसं एका गाडीकडे बघत तिच्यापासून बाजूला होतात आणि नेमकी दुसऱ्या मार्गावर जाऊन उभी राहतात.

‘दिसली की बाजूला होऊ’

मोठी वस्तू सरळ आपल्याकडे येत असेल, तर तिचा वेग डोळ्याला कमीच वाटतो. हर्शेल लायबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये रेल्वे फाटकांवरच्या अपघातांच्या संदर्भात हे मांडलं होतं. याचा साधा हिशेब करून पाहू. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगानं येतेय असं धरा. म्हणजे सेकंदाला २८ मीटर. ती ४०० मीटरवर असताना तुमच्याकडे चौदा सेकंद असतात. तिथून २०० मीटरवर येईपर्यंत सात सेकंद जातात आणि तेवढ्यात ती डोळ्याला फक्त दुप्पट मोठी दिसते. मन म्हणतं, अजून लांब आहे. प्रत्यक्षात उरलेले असतात सातच सेकंद. या सात सेकंदांत केस सारखे करायचे, हात लांब करायचा, दोन-तीन क्लिक घ्यायचे, आलेला फोटो बरा आहे का ते बघायचं आणि मग खडीवरून पाय न घसरता बाजूला व्हायचं.

मोबाईल या फसगतीत भर घालतो. फोनचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो. तो जवळचं मोठं आणि लांबचं फार लहान दाखवतो. त्यामुळे स्क्रीनवर गाडी आहे त्याहून बरीच मागे दिसते. सेल्फीत तर पाठच गाडीकडे असते आणि गाडीबद्दल जे काही कळतं ते त्या वीतभर स्क्रीनवरूनच. बेंगळुरूजवळ बिडदीला ऑक्टोबर २०१७ मध्ये तीन विद्यार्थी रुळावर सेल्फी घेताना असेच गाडीखाली सापडले.

ड्रायव्हर ब्रेक मारेल, या भरवशावरही राहू नये. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, पकड कमी आणि वजन शेकडो टन. पूर्ण वेगातल्या गाडीला आपत्कालीन ब्रेक लावला तरी थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागतं. लोको पायलट तुम्हाला पाहतो, हॉर्न वाजवत राहतो, आणि त्यापुढे त्याच्या हातात काही उरत नाही. तो प्रसंग त्याच्याही डोळ्यांपुढून जात नाही. फोटो काढणाऱ्यांच्या मनात हा माणूस सहसा येतच नाही म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

‘आम्ही रुळावर नव्हे, रुळाच्या बाजूला उभे होतो’

ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर. डब्याची रुंदी मात्र सव्वातीन मीटरच्या घरात. म्हणजे रुळाच्या बाहेर दोन्ही अंगांना डबा जवळजवळ ८० सेंटिमीटर येतो. रुळापासून एक पाऊल मागे सरून उभा राहिलेला माणूस गाडीच्या वाटेतच असतो. त्याशिवाय उघडं दार, दारात लोंबकळणारा प्रवासी, मालगाडीवरच्या ताडपत्रीची सुटलेली दोरी, उडालेली खडी हे सगळं वेगळंच. ओढणी किंवा साडीचा लांब पदर उडतानाचा फोटो घ्यायचा असेल, तर वेगानं जाणाऱ्या गाडीच्या हवेच्या झोतात तो कुठे ओढला जाईल याचा नेम नसतो. प्लॅटफॉर्मवरची पिवळी पट्टी याच हिशेबानं मारलेली असते.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. रेल्वेच्या नियमांत दिवसा गाडी थांबवण्याची खूण म्हणजे लाल झेंडी, आणि झेंडी नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरणं. प्री-वेडिंगमध्ये नेमकी हीच पोझ आवडीची, आणि ओढणीही पुष्कळदा लाल. लोको पायलटला ते पुढच्या संकटाची खूण वाटू शकतं. त्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं तर त्याहून वाईट.

‘ॲपवर पाहिलं, तासभर गाडी नाही’

ॲपवर प्रवासी गाड्या दिसतात. मालगाडी, नुसतं धावणारं इंजिन, तारांच्या दुरुस्तीची गाडी तिथे दिसत नाही. त्यांना पाटीवर लावलेलं वेळापत्रकही नसतं. गंजलेला, गवत वाढलेला रूळ बंदच असेल, हेही गृहीत धरता येत नाही.

‘तारेला हात लावला तरच शॉक’

घरातली वीज २३० व्होल्टची, रेल्वेच्या वरच्या तारेतली २५,००० व्होल्टची. इतक्या दाबाची वीज स्पर्शाची वाट पाहत नाही. माणूस किंवा त्याच्या हातातली वस्तू पुरेशी जवळ गेली की हवेतूनच झेप घेते. म्हणून या तारांपासून किमान दोन मीटर लांब राहायचं असतं. उभ्या मालगाडीच्या वॅगनवर चढून सेल्फी घेणारी मुलं देशात ठिकठिकाणी अशीच भाजून गेली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांनी तारेला हात लावलेला नव्हता. गाडी उभी आहे, इंजिनही जोडलेलं नाही, तरी वरची तार जिवंत असते. रेल्वे पुलावरून सेल्फी स्टिक किंवा छत्री खाली लोंबवणं त्याच जातीचं. बेळगावात या तारा अलीकडे आल्या. त्यांची सवय अजून आपल्या अंगी बाणलेली नाही.

‘फोटो काढणं काही गुन्हा नाही’

फोटो काढण्याचा प्रश्नच वेगळा. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत परवानगीविना शिरणं हाच गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पैसे घेऊन करायच्या चित्रीकरणाला रेल्वेची रीतसर परवानगी लागते. कॅसलरॉक आणि कुळेंच्या मधल्या दूधसागरला जुलै २०२३ मध्ये रुळावरून चालत जाणारे शेकडो ट्रेकर अडवले गेले. काहींना उठाबशा काढायला लावल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. उठाबशांचं समर्थन मी करणार नाही. पण त्या वेळी दक्षिण पश्चिम रेल्वेनं केलेलं आवाहन अगदी रास्त होतं: धबधबा डब्यात बसून पाहा. ज्यानं पावसाळ्यात त्या घाटातून प्रवास केला आहे, त्याला खिडकीतून दिसणारं दृश्य कमी पडलेलं मला तरी माहीत नाही.

रूळ नाही म्हणून निपाणीकर निर्धास्त?

निपाणीला रेल्वे नाही. पण तवंदी घाटात महामार्गाच्या कडेला गाडी लावून धुक्यातले फोटो घेणारे आहेत, आणि पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगेचं पाणी अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, कारदगा-भोज अशा बंधाऱ्यांवर चढलं की ते बघायला जाणारीही गर्दी असते. पाणी घोट्याएवढंच आहे, काय होतंय, असं म्हणत माणूस पुढे जातो. वेगानं वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी धडधाकट माणसाचा पाय उखडू शकतं आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं. त्या पाण्याखाली कठडा कुठे संपला, रस्ता कुठे खचला, हे वरून दिसत नाही.

बेळगावकरांना किटवाड विसरता येणार नाही. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी चंदगड तालुक्यातल्या त्या धबधब्यावर बेळगावहून सहलीला गेलेल्या मुलींपैकी चौघी सेल्फी घेताना पाण्यात पडून बुडाल्या. तारीख बघा, पावसाळा केव्हाच सरला होता. शेवाळलेला खडक नोव्हेंबरातही तितकाच निसरडा असतो आणि वरून शांत दिसणाऱ्या डोहाची खोली काठावरून कळत नाही. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातल्या जगभरच्या बातम्या तपासून दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सेल्फी घेतानाच्या १३७ घटनांत २५९ मृत्यू त्यांना सापडले. त्यांत १५९ एकट्या भारतातले. पहिलं कारण बुडणं आणि त्याखालोखाल वाहनांचे अपघात, त्यांतही मुख्यतः रेल्वे.

मग रेल्वेचा फोटो काढायचाच नाही का? जरूर काढा. प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या आत उभं राहून झूमनं घेतलेल्या फोटोत वळणावरून येणारी गाडी रुळावरून घेतलेल्या फोटोपेक्षा जास्त भरदार दिसते, कारण लांब भिंग मागचं दृश्य पुढे खेचून आणतं. पादचारी पुलावरून दोन्ही मार्ग, तारांची जाळी आणि संध्याकाळचा उजेड एका चौकटीत येतो. एकानं फोटो काढायचा आणि दुसऱ्यानं फक्त आजूबाजूला बघायचं, एवढी वाटणी तरी करा. जोडप्याला इंजिन आणि रूळ हवेच असतील, तर बेळगावहून शंभरेक किलोमीटरवर हुबळीचं रेल्वे संग्रहालय आहे, २०२० पासून खुलं. तिथली इंजिनं जागची हलत नाहीत.

खडेबाजारातल्या आणि निपाणीतल्या फोटोग्राफर बंधूंना एक विनंती. गिऱ्हाईक नवं असतं, उत्साहात असतं, आणि तुम्ही म्हणाल तिथे उभं राहतं. जागा तुम्हीच ठरवता. रुळावरची ऑर्डर आली तर नाही म्हणा आणि का नाही तेही सांगा. काम सुरू असताना लेन्स किंवा फोन रुळावर पडला, तर उतरू नका. स्टेशन मास्तरांना किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगा, नाहीतर १३९ वर फोन करा.