विजेची आरामखुर्ची : आराम हवा, पण जपून

पुण्या-मुंबईस नोकरीला असलेली मुले आईवडिलांसाठी विजेवर चालणारी आरामखुर्ची घेऊ लागली आहेत. जळगाव-धुळ्याकडच्या घरांत बंगईशेजारी आता हीही दिसते. बटण दाबले की पाठ मागे कलते, पाय वर येतात. काही खुर्च्या तर पुढे कलून माणसाला उठायलाही मदत करतात. गुडघे धरलेल्यांना ही मोठीच सोय. पण माझ्याकडे येणाऱ्या वृद्ध रुग्णांशी बोलताना जाणवते, की खुर्ची घरात येते, ती अंगाला जुळवून मात्र कोणी घेत नाही.

आधी बसणे पाहू. कंबर अगदी मागे टेकवावी. खुर्ची सरळ असताना दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. बैठकीची कड आणि पोटरी यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. बैठक फार खोल असेल तर पाठीमागे उशी ठेवावी. कमरेच्या खोलगट भागाला पंचाची गुंडाळी पुरते.

खरी काळजी उठताना घ्यायची. पाय वर करून पडून राहिल्यावर एकदम उभे राहिले, की रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब क्षणभर घटतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि मधुमेहींना हा त्रास अधिक. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, अंगातले पाणी कमी होते, तेव्हा धोका आणखी वाढतो. म्हणून खुर्ची पूर्ण सरळ करावी, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, घोटे हलवावेत, मगच उठावे. पायांखाली सुटे पायपुसणे नको. पाय ठेवायच्या फळीवर भार देऊन तर कधीच उठू नये.

त्या फळीखाली कात्रीसारख्या लोखंडी पट्ट्या असतात. नातवंडांची बोटे त्यांत चेंगरू शकतात. फळी खाली घेण्यापूर्वी वाकून पाहावे, जवळ कोणी असल्यास त्याला पाहायला सांगावे. काम झाल्यावर खुर्ची बंद करून बटण मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. पाठ मागे जायला भिंतीपासून पुरेशी जागा लागते, हे धुळ्याच्या गल्ल्यांतील अरुंद खोल्यांत आधी मोजून घ्यावे.

वीज गेली की खुर्ची आहे त्या स्थितीत थांबते. एकट्या म्हाताऱ्या माणसाचे पाय वरच अडकले तर त्याने काय करावे? काही खुर्च्यांत अशा वेळेसाठी लहान बॅटरी असते. ती आहे का, हे विकत घेतानाच विचारावे आणि अधूनमधून तपासावे. नसेल तर खुर्चीचा प्लग इन्व्हर्टरवर घेता येईल का, ते वायरमनला विचारावे. प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. वायर खुर्चीखाली दबू देऊ नये.

जेवल्यावर लगेच मागे पडू नये, जळजळ वाढते. पायांवर सूज असेल किंवा आडवे पडल्यावर दम लागत असेल, तर खुर्चीवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि दर तासाला उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराच. बसून राहिल्याने गुडघे अधिक आखडतात. खुर्ची उठवते, चालायचे मात्र आपल्यालाच आहे.