जाहिरातीतले तीनशे आणि घरातले तीनशे

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सबंध महाराष्ट्रात ऑनलाइन पद्धतीने झाले. पसंतीक्रम भरण्याची मुदत चालू होती, आणि नेमके त्याच आठवड्यात आमच्या घरचे इंटरनेट बंद पडले. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन ठेपला होता. नाक्यावर गटाराचे काम निघाले होते आणि चर खणताना जेसीबीने केबल तोडली. कंपनीला फोन केला की 'एक दाबा, दोन दाबा' होऊन शेवटी 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' एवढेच ऐकू येई. असे नऊ दिवस गेले. मुलीने पसंतीक्रम भरला तो शेजारच्या काकूंच्या घरी बसून. काकूंची जोडणी गल्लीतल्या केबलवाल्याची, सेकंदाला ४० मेगाबिटची. आमची ३०० ची. निव्वळ मोठा आकडा पाहून मी ती घेतली होती. मी विज्ञान शिकवतो, हेही इथे कबूल केलेले बरे.

तेव्हा प्रश्न असा, की मी तीनशे कशाचे विकत घेतले होते?

पहिली गोष्ट म्हणजे जाहिरातीतला 'एमबीपीएस' हा आकडा मेगाबिटचा असतो, मेगाबाइटचा नव्हे. आपल्या फोनमधले फोटो, चित्रफिती, पुस्तके आपण मेगाबाइटमध्ये मोजतो. ८ बिट मिळून एक बाइट होतो, म्हणून ३०० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला जास्तीत जास्त ३७.५ मेगाबाइट माहिती येईल. 'जास्तीत जास्त' हे शब्द जाहिरातीतही असतात, फक्त बारीक अक्षरात. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात २५६ किलोबिटच्या पुढच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले होते. ती मर्यादा पुढे ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ च्या जानेवारीत २ मेगाबिट. म्हणजे १० मेगाबिटची जोडणीसुद्धा व्याख्येच्या पाचपट आहे.

मग घराला लागते तरी किती? सुस्पष्ट चित्राचा चित्रपट पाहायला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट पुरतात. त्याहून बारीक तपशिलाचे, 'फोर के' म्हणतात ते चित्र हवे असेल तर १५ ते २५. समोरासमोरच्या व्हिडिओ कॉलला ३-४ पुष्कळ झाले. आता चौघांचे घर घ्या. दोघे वेगवेगळे चित्रपट पाहत आहेत आणि दोघे कॉलवर आहेत. बेरीज होते १८. वेळप्रसंगाला थोडे जास्त धरून ४० ची जोडणी अशा घराला सहज चालेल. उरलेल्या २६० मेगाबिटचे पैसे मी कशासाठी देत होतो, याला उत्तर नाही.

एस.टी.चा वेग किती?

वर्गात मी एक गणित घालतो. पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या एस.टी.त कंडक्टरजवळ एक टेराबाइटची हार्ड डिस्क दिली. एक टेराबाइट म्हणजे १० लाख मेगाबाइट, अर्थात ८० लाख मेगाबिट. गाडीला साडेपाच तास लागले, म्हणजे जवळजवळ २० हजार सेकंद. भागाकार करा. सेकंदाला ४०० मेगाबिट! आमच्या एस.टी.ने फायबरच्या कंपनीला मागे टाकले. मुले हसतात. मग कोणीतरी विचारते, "सर, पण एस.टी.वरून व्हिडिओ कॉल कसा करायचा?"

हाच तो मुद्दा. 'वेग' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, सेकंदाला किती माल वाहिला जातो. दुसरी, एक प्रश्न जाऊन त्याचे उत्तर परत यायला किती वेळ लागतो. एस.टी. माल भरपूर नेते, पण उत्तर अकरा तासांनी आणते. वेग मोजणाऱ्या ॲपमध्ये 'पिंग' नावाचा एक आकडा दिसतो, तो हा दुसरा वेळ, मिलिसेकंदात. फॉर्म भरणे, बँकेचे व्यवहार, बोलणे या सगळ्यांत माल थोडाच असतो, पण ये-जा वारंवार असते. तिथे पिंग लहान असणे महत्त्वाचे. काकूंच्या ४० वर मुलीचा फॉर्म जेवढ्या चटकन भरला गेला, तेवढाच तो ३०० वरही गेला असता.

या वेळेला निसर्गाने एक तळही घालून दिला आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, पोकळीतल्या वेगाच्या दोनतृतीयांश. मुंबई ते लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन १४,४०० होतात, आणि ७२ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल समुद्रातून वळसे घेत जाते, म्हणून आणखी जास्त. कितीही महागडी योजना घ्या, यातला एक मिलिसेकंदही कमी होणार नाही.

माहिती घरून बाहेर पाठवण्याचा वेग हा तिसरा आकडा, जो पुष्कळदा कोणी विचारतच नाही. शिक्षकांनी तो जरूर विचारावा. धड्याची ६०० मेगाबाइटची चित्रफीत पाठवायची आहे, म्हणजे ४,८०० मेगाबिट. पाठवण्याचा वेग ५ असेल तर १६ मिनिटे आणि ४० असेल तर दोनच मिनिटे. फायबरवर बहुधा दोन्ही दिशांचे वेग सारखे देतात. टीव्हीच्या जुन्या तांब्याच्या केबलवरून येणाऱ्या जोडणीत पाठवण्याचा वेग बराच कमी असू शकतो.

रात्री नऊ वाजता काय होते?

वाकड्या काचतंतूतून प्रकाश नेऊन चित्र पोचवता येते हे नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये दाखवले. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश दूरवर नेता येतील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडले. त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. आजच्या उत्तम तंतूतून एक किलोमीटर गेल्यावरही सुमारे ९५ टक्के प्रकाश शिल्लक असतो. तेव्हा इंटरनेट अडखळले तर दोष काचेला देऊ नये. अडचण सहसा तिच्या दोन टोकांना असते.

आपल्याकडे प्रचलित असलेल्या पद्धतीत कंपनीच्या केंद्रातून एक तंतू निघतो आणि खांबावरच्या डबीत त्याच्या प्रकाशाचे वाटे होतात, बहुधा ३२ किंवा ६४. त्या एका तंतूची क्षमता सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट. ३२ घरांत वाटली तर प्रत्येकी ७७. मग ३०० कसे विकतात? सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणून. ही काही फसवणूक नव्हे. महावितरणही सगळ्या घरांतले सगळे गीझर एकाच वेळी लागतील असे धरून रोहित्र बसवत नाही.

खरी तंगी त्याच्या पुढे असते. समजा, एका केबलवाल्याने २०० घरांना प्रत्येकी १०० मेगाबिट विकले. कागदावर झाले २०,००० मेगाबिट. पण त्याने स्वतः मोठ्या कंपनीकडून घेतले आहेत फक्त १,०००. रात्री नऊला १०० घरांत ५ मेगाबिटचे चित्रपट चालू असतील तर ५०० लागतील, काहीच बिघडणार नाही. तीच १०० घरे 'फोर के' पाहू लागली तर मागणी जाईल २,००० वर, आणि चाक फिरत बसेल. त्याने एक हजारच्या ऐवजी तीन हजार घेतले आहेत की नाही, हे कुठल्याच पत्रकावर छापलेले नसते. मोजूनच पाहावे लागते.

मोजणे सोपे आहे. ज्यांच्याकडे ती जोडणी आहे अशा शेजाऱ्यांकडे जा. दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा दोन वेळांना, आठवडाभर, ट्रायचे 'मायस्पीड' किंवा तसले दुसरे कोणतेही ॲप लावून तीन आकडे लिहा: येण्याचा वेग, जाण्याचा वेग, पिंग. दुपारचे आणि रात्रीचे आकडे जवळजवळ असतील तर माणूस प्रामाणिक. एक पथ्य मात्र पाळा. शक्य तर लॅपटॉप तारेने पेटीला जोडून मोजा. वायफायवर मोजलेला वेग हा पुष्कळदा कंपनीचा नसून आपल्या भिंतींचा असतो. आमचे घर जुने, दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींचे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पहिल्या भिंतीतच गारद होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पलीकडे पोचतात, पण त्यांचा वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सगळ्या पेट्यांची गर्दी त्याच पट्ट्यात. अशा घरात ३०० ऐवजी ५०० ची योजना घेण्यापेक्षा माजघरापर्यंत वीस फूट तार ओढणे स्वस्त पडते.

हिशेबाची वही

किमतीचा हिशेब महिन्याचा करू नये, वर्षाचा करावा. उदाहरण म्हणून दोन काल्पनिक योजना घेऊ. पहिली 'फक्त ३९९'. बारीक अक्षरात लिहिलेले असते की हा दर पहिले तीन महिने, मग ६९९, आणि जोडणीचे १,००० वेगळे. दुसरी सरळ ५९९, जोडणी फुकट. पहिलीचे वर्षाचे होतात १,१९७ अधिक ६,२९१ अधिक १,०००, म्हणजे ८,४८८. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १०,०१६ रुपये. दुसरीचे ७,१८८ आणि करासह ८,४८२. तीनशे नव्याण्णवची योजना वर्षाला दीड हजाराने महाग पडली. सातवीच्या टक्केवारीच्या धड्याला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

'अमर्याद' या शब्दाचेही असेच. अनेक योजनांत महिन्याला ३,३०० गिगाबाइटची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग उतरवतात. हा आकडा ऐकून घाबरू नका. ५ मेगाबिटचा चित्रपट तासाला सव्वादोन गिगाबाइट खातो. ३,३०० गिगाबाइटमध्ये १,४०० हून जास्त तास निघतात, आणि तीस दिवसांचे तास असतात ७२०. म्हणजे दोन टीव्ही रात्रंदिवस चालू ठेवले तरी मर्यादा संपायची नाही. पण मर्यादा ३,३०० ऐवजी ३०० असेल, तर वहीत नोंद करून ठेवलेली बरी.

माणूस कुठे राहतो?

दुरुस्तीबद्दल सगळेच 'चोवीस तास सेवा' लिहितात. ते सोडून द्या आणि पुढचा हिशेब बघा. एक जोडणी वर्षात सहा वेळा बंद पडते, पण दर वेळी चार तासांत चालू होते. एकूण २४ तास. दुसरी वर्षातून एकदाच पडते, पण नऊ दिवस. २१६ तास. पहिलीबद्दल लोक 'सारखी जाते' म्हणून तक्रार करतात, दुसरीला 'भरवशाची' म्हणतात. ९९ टक्के वेळ चालणारी जोडणीसुद्धा वर्षाला साडेतीन दिवसांहून अधिक काळ बंद असते, तेव्हा ती किती वेळा जाते यापेक्षा किती वेळात येते हे विचारावे. शेजाऱ्यांना विचारायचा प्रश्न असा: "शेवटची केव्हा गेली होती, आणि जोडायला कोण आले?" उत्तरात माणसाचे नाव आले तर ठीक. फक्त टोल-फ्री क्रमांक आला तर जपून.

तुटलेला तंतू जोडायला यंत्र लागते आणि ते चालवणारा माणूस लागतो. तो गावात राहतो की चाळीस किलोमीटरवरून येतो, यावर सगळे अवलंबून. पेटीवरचा 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही असे समजावे, आणि फोनवर तेच सांगावे, म्हणजे 'पेटी बंद करून चालू करा' या पाठात अर्धा तास जात नाही. तंतूच्या उघड्या टोकात मात्र डोळा घालून पाहू नये, मुलांना तर मुळीच पाहू देऊ नये. त्यातला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये, हे मी उशिरा शिकलो. २०१२ च्या ट्रायच्या विनियमांनुसार प्रत्येक कंपनीला असा क्रमांक द्यावाच लागतो. तक्रारीचे निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीत पडत नाही, तेव्हा तिकडे पत्र पाठवून वाट पाहत बसू नये. माझ्याजवळ पहिल्या चार फोनांचे क्रमांकच नव्हते. अपिलात लिहिणार काय?

वीज गेली की काच शाबूत असूनही पेटी झोपते, ही आणखी एक बारीक गोष्ट. बहुतेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात. पेटीवर १ अँपिअर लिहिले असेल तर १२ वॉट. दोन तासांच्या भारनियमनाला २४ वॉट-तासांची बॅटरी हवी, थोडी जास्तच घ्यावी. बाजारात यासाठी छोटी डीसी यूपीएस मिळते. पेटीचे व्होल्ट तेवढे जुळवून पाहा.

वर्षाची मुदत संपल्यावर आम्ही काकूंच्याच केबलवाल्याची जोडणी घेतली. ५० ची. तार जोडणारा मुलगा दोन गल्ल्या सोडून राहतो आणि सायकलवर येतो. काल रात्री नऊ वाजता तारेने मोजले तेव्हा येण्याचा वेग ४६, जाण्याचा ४४ आणि पिंग ९ होता.